आज कुणाकुणाचा उपास?

मधल्या सुट्टीची घंटा झाली, डबे बाकावर आले, आणि बाईंनी सातवीच्या वर्गाला अगदी सहज विचारलं, "आज कुणाकुणाचा उपास?" जवळजवळ निम्मा वर्ग हात वर करून बसला! मी मागच्या भिंतीशी एका मुलीच्या नऊवारीचा सुटलेला काष्टा खोचत उभी होते. हातातलं काम हातातच राहिलं.

तारीख २७ फेब्रुवारी २०२६, वार शुक्रवार. मराठी भाषा गौरव दिन, म्हणून ग्रंथदिंडीच्या तयारीला आम्हा पाचसहा आयांना शाळेनं बोलावलं होतं. घरून निघताना कॅलेंडरवर माझं लक्ष फक्त एकादशीकडे गेलं होतं, फाल्गुन शुद्ध एकादशी. पण रमजान सुरू होऊनही आठवडा उलटला होता. आणि १८ तारखेच्या राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता, त्यातला हा शुक्रवार. तीन धर्मांचे उपास एकाच दिवशी, एकाच वर्गात, एकाच मधल्या सुट्टीत! आणि मला हे कळलं ते बाईंनी विचारलं म्हणून.

पुढचं तर ऐका. बाई म्हणाल्या, "मग सांगा बघू, कुणाला काय चालतं?" पोरं सुटलीच. एक मुलगी म्हणाली, आम्हांला साबुदाणा चालतो, भात नाही. शेजारचीनं लगेच विचारलं, भात का नाही गं? हिला उत्तर आलं नाही. "आजीला विचारून सोमवारी सांगते," म्हणाली, आणि बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात 'सोमवार : एकादशीला भात का नाही?' असं खरंच लिहून ठेवलं. रोजा असलेला एक किडकिडीत मुलगा म्हणाला, मगरिबपर्यंत पाणीसुद्धा नाही. "आणि विसरून प्यायलास तर?" "विसरून प्यायलो तर रोजा मोडत नाही. आठवलं की थांबायचं." हे ऐकून सगळा वर्ग हळहळ-कौतुकाच्या मधलं काहीतरी 'ओ' म्हणाला. मग एक ख्रिस्ती मुलगी उठली. आमच्याकडे आज मटण-चिकन नाही, संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट असते, आणि उपवासकाळात खाऊचे पैसे वाचवून डब्यात टाकायचे, ते गरिबांना जातात. "किती झाले?" "मोजायचे नसतात."

आणि मग तिनं दप्तरातून ती पुडी काढली. वाळलेल्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळून वर सोपटानं बांधलेली, वीतभर लांब. गाठ सोडली तसा आंबूस-गोड, मधासारखा वास वर्गभर झाला. आत सुकेळी! मी ती जन्मात पहिल्यांदा पाहत होते. आगाशी-नंदाखाल भागात राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून करतात. रंग जुन्या गुळासारखा, बोटाला चिकटणारी, दाताखाली चिवट आणि मग एकदम विरघळणारी. तिनं एक एकादशीवालीला दिलं, "फळच आहे, तुला चालेल." एक स्वतः घेतलं. आणि एक पानाच्या तुकड्यात पुन्हा नीट गुंडाळून त्या रोजेदार मुलाच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं. "संध्याकाळी खा." तो म्हणाला, "खजुराच्या आधी की नंतर?" ती म्हणाली, "ते तू ठरव."

मी वाईची. आमच्याकडे दुसऱ्याच्या धर्माबद्दल काही विचारायचं नाही, हा चांगुलपणा होता. वाईट दिसतं, कुणाला लागेल, आपल्याला काय करायचंय. माझ्या लहानपणी वर्गात एक ख्रिस्ती मुलगी होती. सहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. डिसेंबरात ती चार दिवस दिसायची नाही आणि आम्ही काही विचारायचो नाही. तिच्या घरी नाताळला काय करतात, ती प्रार्थना कुठल्या भाषेत करते, मला आजही माहीत नाही. मला वाटायचं आपण तिचा मान राखतो. सुकेळीची ती पुडी पाहिली तेव्हा लक्षात आलं, आम्ही तिला सहा वर्षं एकटं ठेवलं होतं.

थोडं मागे जायला हवं. गेल्या जूनमध्ये यजमानांची बदली झाली आणि आम्ही वसईला आलो. घराजवळ मराठी माध्यमाची चांगली शाळा ती एकच, चर्चच्या आवारातली, कॅथलिक संस्थेची. गावाकडून फोनवर फोन. पोरीला मिशनऱ्यांच्या शाळेत घालताय? उद्या क्रूस घालून घरी आली म्हणजे? प्रवेशाच्या दिवशी मीसुद्धा धास्तावलेलीच होते. मुख्याध्यापिका सिस्टर. त्यांना मी चाचरत विचारलं, तर त्यांनी वेळापत्रकच पुढे केलं. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा इतरांना मूल्यशिक्षण. संविधानाचं २८वं कलम सांगतं, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षण घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची. "आणि कायदा नसता तरी आम्ही लावलं नसतं," सिस्टर म्हणाल्या. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी सूचना काढल्या, त्याही त्यांनी दाखवल्या. दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या चालीरीती लादू नका. संविधानाची उद्देशिका दर्शनी भागात लावा, परिपाठात रोज म्हणा. जमेल तिथे सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची जागा ठेवा. मी ते वाचून हुश्श केलं. आपल्या मुलीला त्रास होणार नाही, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. तिला काही मिळणार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

आता ग्रंथदिंडी. पालखी झेंडूनं सजवलेली, टाळ, लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली, आणि पालखीत पुस्तकं रचून ठेवलेली. ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, संविधान, शेख महंमदांचा 'योगसंग्राम', फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', आणि या सगळ्यांत एक जाडजूड 'ख्रिस्तपुराण'. फादर स्टीफन्सचं नाव मला शाळेपासून माहीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आम्ही पाठ केल्या होत्या, परीक्षेत लिहिल्या होत्या, मार्क मिळवले होते. पण हा माणूस कोण, तो मराठीकडे आला कसा, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवीतल्या एका मुलानं पालखीपुढे उभं राहून ते सांगितलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला, पुन्हा मायदेशी गेलाच नाही. इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती आणि त्यांना त्या गोडीचं काहीतरी हवं होतं. म्हणून त्यानं आपल्या संतांची ओवी उचलली आणि बायबलची कथा तिच्यात सांगितली. सुमारे अकरा हजार ओव्या! १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच तेव्हा नव्हते. तुकाराम महाराज तेव्हा देहूत लहान मूल होते. एवढं सांगून त्या मुलानं पालखीला नमस्कार केला आणि टाळ उचलला.

माझ्या अंगावर काटा आला. मी सिस्टरांना म्हटलं, हे कुठून कुठून जोडता तुम्ही! त्या म्हणाल्या, "जोडायचं काय, जोडलेलंच आहे. आमचे वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी डॉक्टरेट तुकाराम महाराजांवर केली. त्यांच्यानंतर आले फेलिक्स मच्याडो, त्यांचा अभ्यासग्रंथ ज्ञानेश्वरीवर आहे." ऐकताय ना? एक तुकोबांवर, एक माउलींवर! वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला आणि त्याचे पहिले दोन बिशप आमच्या वारीच्या वाटेनं चालून आलेले निघाले. वाईत राहून, दर वर्षी पालख्या पाहून, मला हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं. दिब्रिटो तर २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ती बातमी मी वाचली होती, आणि पान उलटलं होतं.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. हे सगळं निव्वळ सौजन्य म्हणून चालत नाही, ते त्यांच्या धर्माच्या शिकवणीतच आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयी एक जाहीरनामा काढला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे या मुलांना दुसऱ्याचा धर्म समजून घेताना आपला धर्म दाराबाहेर काढून ठेवावा लागत नाही. ती मुलगी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेला जाणारच होती. तो मुलगा नमाजाला जाणारच होता.

दिंडीनंतर बोलींचा कार्यक्रम होता. दोन मुली रंगमंचावर आल्या. दोघी शेतावरून घरी निघालेल्या बायका, डोक्यावर टोपल्या, आणि काहीतरी कडाक्याचं भांडण चाललेलं. मला चारांतला एक शब्द कळत होता, पण सगळा प्रेक्षक पोट धरून हसत होता. ती कादोडी बोली, तिलाच सामवेदी म्हणतात. एक मुलगी हिंदू सामवेदी ब्राह्मण घरातली, दुसरी कुपारी कॅथलिक. कोणती कोण, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही! हाच तर चमत्कार आहे वसईचा. धर्म वेगळा, गल्ली वेगळी, पण घरातली, चुलीजवळची, भांडायची आणि लाडाची भाषा एक. वाडवळीचंही तसंच, हिंदू वाडवळही तीच बोलतात, ख्रिस्ती वाडवळही. 'कुपारी' हा शब्द मात्र पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं मानतात. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता झालेला माणूस मुलाच्या बापाचा कोंपाद्रे होतो. म्हणजे नातं सांगणारा शब्द समाजाचं नाव होऊन बसला. माणसांची वर्गवारी करताना मी आजवर पहिला खण धर्माचा करत आले. त्या दोन पोरींच्या भांडणानं तो खण मोडून टाकला. त्यांच्यानंतर आगरी झाली, मालवणी झाली, वारली झाली, आणि आमच्या कन्येनं वाईकडच्या ठसक्यात आजीची नक्कल केली, तिलाही टाळ्या पडल्या.

पण मला सांगायचीय ती गोष्ट त्याच्या नंतरची.

शेवटच्या तासाला सातवीचा इतिहास. सातवीला मराठ्यांचा इतिहास असतोच, आणि इथे तो खिडकीबाहेर आहे. सर स्वतः इथलेच, कॅथलिक. त्यांनी 'आपली वसई' असा विषय मुलांना वाटून दिला होता आणि मुलं एकेक परिच्छेद वाचत होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. किल्ला, चर्च, गढ्या. मग एक मुलगा उभा राहिला, गळ्यात जपमाळ. त्यानं वाचलं : पोर्तुगीजांनी या भागातली देवळं पाडली, लोकांवर धर्मासाठी जुलूम केले. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून. तो बसला. त्यानंतर दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली, कपाळावर कुंकवाची बारीक चंद्रकोर. तिनं वाचलं : मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. नंतर चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या, त्या आजही तिथल्या देवळांत आहेत.

कुणाला कुठला परिच्छेद द्यायचा हे सरांनी ठरवून केलं होतं. ज्याच्या बाजूनं चूक झाली, त्याच्या तोंडून ती आली. कुणी कुणावर बोट रोखलं नाही आणि कुणी काही झाकलंही नाही. मी आजवर सर्वधर्मसमभावाची पुष्कळ भाषणं ऐकली, त्यांत जे दुखतं ते गाळलेलं असायचं. इथे बारा-तेरा वर्षांची मुलं दुखरा भाग हातात घेऊन वाचत होती, आणि वर्ग शांत होता.

सरांनी घंटांची नावं सांगायला सुरुवात केली. भीमाशंकर. नाशिकचं नारोशंकर. मेणवली.

मेणवली! माझा हात आपोआप वर गेला, वर्गातल्या मुलीसारखा. "सर, ती घंटा आमच्याकडे आहे!"

पन्नासेक डोळे मागे वळले. आणि मी बोलत सुटले. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे पायऱ्या-पायऱ्यांचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथेच एका छोट्या देवळीत टांगलेली ती अवाढव्य पंचधातूची घंटा. लहानपणी माझा हात पोचायचा नाही, म्हणून बाबा उचलून धरायचे. घंटेवर एक बाई आहे, कडेवर मूल घेतलेली. आम्ही तिला देवी म्हणायचो, हळदकुंकू वाहिलेलंही मी पाहिलं आहे. ती मेरी आहे आणि मूल म्हणजे बाळ येशू, हे मोठेपणी कुठल्याशा पाटीवर वाचलं होतं. घंटेवर १७०७ साल आहे. वसईची घंटा, एवढंही ऐकलं होतं. पण वसई म्हणजे ही माणसं, त्यांनी त्या घंटेच्या नादावर एके काळी दिवस सुरू केला असेल, संपवला असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ज्यांची ती घंटा, त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांसमोर मी उभी होते.

मला अपराधी वाटू लागलं. काय बोलावं कळेना. तेवढ्यात जपमाळवाला तो मुलगा म्हणाला, "म्हणजे आमची माउली तुमच्या गावी आहे?"

माउली! वसईत मारियेलाही माउली म्हणतात. आमच्याकडे माउली म्हणजे ज्ञानोबा. एकच शब्द, आणि मला क्षणभर कोणती माउली तेच कळेना.

"वाजते का अजून?" त्यानं विचारलं.

"वाजते की. नदीपलीकडे ऐकू जाते."

"मग बरं आहे," तो म्हणाला. कुंकू लावलेली ती मुलगी म्हणाली, "काकी, आम्हांला दाखवाल?" आणि वर्गात एकच गलका झाला.

घरी येताना लेकीला विचारलं, तुमच्याकडे हे असं रोजच असतं का गं? तिला प्रश्नच कळला नाही. "असं म्हणजे?" मग म्हणाली, नोव्हेंबरात आम्ही सोपाऱ्याच्या स्तूपाला गेलो होतो, सांगितलं नव्हतं का? तिनं सांगितलं होतं, मी सहल म्हणून सोडून दिलं होतं. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढलेला. त्या दिवशी वर्गातल्या बौद्ध मुलांनी सगळ्यांना माहिती दिली होती. सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, म्हणे. मी रात्री बसून त्याबद्दल वाचलं आणि झोपच उडाली. आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. अशोक म्हणतो, मी त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना, वृद्धांना, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं, विचारपूस करायची. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर दगडात कोरून ठेवलंय हे! आणि इथल्या एका शाळेत बाई डब्याच्या सुट्टीत विचारतात, आज कुणाकुणाचा उपास?

सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न सुटला का, ते मी मुद्दाम विचारलं. त्या मुलीच्या आजीनं कथा सांगितली, एकादशीला पाप धान्यात येऊन बसतं अशी. कथा वर्गाला आवडली. रोजेदार मुलानं सुकेळं खजुराच्या नंतर खाल्लं होतं, अर्धं त्याच्या बहिणीला दिलं होतं, आणि त्याच्या अम्मीनं ती कुठे मिळतात म्हणून चिठ्ठी पाठवली होती.

मेच्या सुट्टीत आम्ही मेणवलीला जातोय. लेकीच्या वर्गातली नऊ मुलं येणार, सगळ्यांच्या घरून परवानगीच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, सर बरोबर आहेत, गाडी ठरली आहे. रविवारी निघायचं, पण पहाटेची मिस्सा झाल्यावर, कारण चार जणांना ती चुकवायची नाही. आईला फोन केला, वाईला सगळ्यांचा मुक्काम आमच्याच वाड्यात. आईनं पहिला प्रश्न विचारला, "पोरं काय खातात, काय नाही, ते नीट विचारून घेतलंस ना?" यादी केली आहे. त्या दिवशी कुणी मेणवलीच्या घाटावर असाल तर जरूर भेटा. सुकेळी भरपूर आणतोय.